बाविसाव्या वर्षी कोणतं ऑपरेशन?

‘स्लीव्ह चांगलं की बायपास?’ छत्रपती संभाजीनगरात वजनाच्या ऑपरेशनची चौकशी करणाऱ्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो. बरेचदा तो आई किंवा वडील विचारतात. ज्याच्या पोटावर ऑपरेशन व्हायचं तो मुलगा किंवा मुलगी शेजारी बसून ऐकत असते. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, ‘किती किलो उतरेल?’ मग उदाहरणं निघतात. नितीन गडकरींनी २०११ साली मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं, हे अनेकांना ठाऊक असतं. पण गडकरी तेव्हा ५४ वर्षांचे होते. बावीस वर्षांच्या मुलाला हेच ऑपरेशन पुढची पन्नासेक वर्षं वागवायचं असतं. त्यात नोकरी येईल, लग्न येईल, बाळंतपण येईल, आणि गाव सोडून दुसरीकडे जाणंही येईल. म्हणून तरुण वयात किलोंपेक्षा या पन्नास वर्षांचा विचार आधी व्हायला हवा. ऑपरेशन निवडायचं ते त्या विचाराने.

१. पात्र कोण, आणि उतरतं किती?

आधी बीएमआय म्हणजे काय ते पाहू. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. समजा, २४ वर्षांच्या एका मुलीची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ११० किलो आहे. १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६. ११० भागिले २.५६ म्हणजे जवळपास ४३.

१९९१ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ठरवलं की बीएमआय ४० असेल, किंवा ३५ असून सोबत मोठा आजार असेल, तर ऑपरेशन करावं. पुढची तीस वर्षं जग त्याच आकड्यांवर चाललं. २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही मर्यादा खाली आणली. आजार असो वा नसो, ३५ च्या पुढे ऑपरेशन सुचवावं, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच तो पर्याय समोर ठेवावा, असं त्यांनी म्हटलं.

आपल्यासाठी वेगळा आकडा का, याचं उत्तर पुण्यात मिळतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण अंगातली चरबी मोजल्यावर युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. तेवढ्याच वजनात आपल्या अंगावर चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि ती चरबी पोटाभोवती साठते. म्हणून मधुमेह आपल्याला कमी वजनातच गाठतो.

विमा कंपन्या मात्र अजून जुन्याच आकड्यांवर आहेत. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार रुग्ण १८ वर्षांचा किंवा त्याहून मोठा हवा आणि बीएमआय ४० हवा. बीएमआय ३५ असेल तर सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असा गंभीर त्रास हवा, आणि साधे उपाय करून झालेले असावेत. डॉक्टरांच्या दृष्टीने पात्र आणि विम्याच्या दृष्टीने अपात्र, अशी पुष्कळ तरुण मुलं या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात अडकतात. त्यामुळे पॉलिसीचा कागद ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच वाचावा.

आता उतरण्याचा हिशेब. चांगल्या ऑपरेशननंतर दीड-दोन वर्षांत मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन जातं. आपल्या उदाहरणातली मुलगी ११० वरून ७७ ते ८२ किलोंवर येईल. म्हणजे तिचा बीएमआय तेव्हाही ३० च्या वरच असेल. स्थळं बघताना आईच्या मनात जे ५५ किलो असतात, ते या हिशेबात कुठेच बसत नाहीत. पण २८ ते ३३ किलो गेल्यावर साखर, रक्तदाब, घोरणं, गुडघे आणि पाळी यांत जो फरक पडतो तो फार मोठा असतो, आणि ऑपरेशन त्यासाठीच करायचं असतं. हे दोन्ही त्या मुलीला आधीच समजलेलं हवं.

२. कापायचं ते काय करत होतं?

जठर म्हणजे पोटातली अन्नाची पिशवी. ती ताणली की एक ते दीड लिटर मावतं. तिच्या वरच्या घुमटात घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. जठर आम्ल बनवतं आणि एक प्रथिनही बनवतं. अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व त्या प्रथिनाशी जोडलं गेलं तरच पुढे शोषलं जातं. जठरानंतर लहान आतडं सुरू होतं, साधारण सहा मीटर लांब. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात लोह आणि कॅल्शियम शोषले जातात. एवढं लक्षात ठेवलं की पुढची सगळी ऑपरेशनं समजतात.

३. स्लीव्ह

दुर्बिणीने पोटात शिरून स्टेपलर लावतात आणि जठराचा बाहेरच्या बाजूचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात. उरते ती एक उभी, अरुंद नळी. तिच्यात १०० ते १५० मिलिलिटर मावतं. घुमट गेल्यामुळे घ्रेलिन घटतं, आणि भूकच कमी लागते. आतड्याला हात लावलेला नसतो.

हे ऑपरेशन सुरुवातीला स्वतंत्र नव्हतंच. अतिवजनदार रुग्णांना मोठं ऑपरेशन एका दमात झेपत नाही, म्हणून २००० सालच्या सुमारास पहिला टप्पा म्हणून फक्त स्लीव्ह करू लागले. काही जणांचं वजन तेवढ्यानेच इतकं उतरलं की दुसऱ्या टप्प्याची गरज उरली नाही. इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात स्लीव्हच झालं होतं. त्यांचं वजन ५०० किलोंच्या आसपास असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं होतं.

स्लीव्हमध्ये तोटे दोन. पहिला, काढलेलं जठर परत बसवता येत नाही. दुसरा तोटा आम्लाचा आहे. नळी अरुंद झाल्याने आतला दाब वाढतो आणि आम्ल वर अन्ननलिकेत चढतं. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात २१७ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून स्लीव्ह किंवा बायपास दिलं आणि पाच वर्षं पाहिलं. वजनातला फरक ठामपणे बोलावं इतका नव्हता. पण आधीपासून आम्लाचा त्रास असलेल्यांत स्लीव्हनंतर ३२ टक्के जणांचा त्रास वाढला, तर बायपासनंतर फक्त ६ टक्के जणांचा. फिनलंडच्या अभ्यासात दहा वर्षांनी दुर्बीण घालून पाहिलं. अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के आणि बायपासवाल्यांत ७ टक्के आढळली.

४. बायपास

शहराला बीड बायपास ठाऊक आहे. वाहनांनी शहरात न शिरता बाहेरून निघून जावं म्हणून तो रस्ता आहे. पोटातही तेच करतात. जठराच्या वरच्या टोकाला ३० मिलिलिटरची छोटी पिशवी वेगळी काढतात आणि आतडं खालून वर ओढून थेट तिला जोडतात. अन्न मग उरलेलं जठर आणि आतड्याची सुरुवात टाळून पुढे जातं. टाळलेला भाग शरीरातच राहतो. त्याचे पाचकरस दुसऱ्या वाटेने येऊन खाली मिळतात. पण रस्ता बाहेरून गेल्यावर गावातल्या दुकानांचं गिऱ्हाईक कमी होतं, तसं लोह आणि कॅल्शियम शोषण्याची जी ठिकाणं त्या भागात होती, त्यांच्यापर्यंत अन्न पोचतच नाही, आणि बी-१२ ला जठरातल्या त्या प्रथिनाची गाठही नीट पडत नाही.

एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली आयोवात हे ऑपरेशन सुरू केलं. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायका पुढे वजन धरत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. नव्वदच्या दशकात ते दुर्बिणीने होऊ लागलं.

बायपासने साखर चटकन खाली येते, काहींची तर वजन उतरण्याच्या आधीच. आम्लाचा त्रास बहुतेकांचा थांबतो. फिनलंडच्या त्याच अभ्यासात दहा वर्षांनी जास्तीच्या वजनातलं बायपासने ५०.७ टक्के आणि स्लीव्हने ४३.५ टक्के कमी राहिलेलं दिसलं. पण याची किंमत आयुष्यभर मोजावी लागते. गोड एकदम खाल्लं तर धडधड, घाम आणि चक्कर येते. जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो, आणि तंबाखू व काही वेदनाशामक गोळ्या त्याला थेट निमंत्रण देतात. गुडघा दुखला की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणायची सवय बायपासनंतर कायमची सोडावी लागते. दारू पटकन चढते, आणि अमेरिकेत केलेल्या पाहणीत बायपासनंतरच्या दुसऱ्या वर्षात दारूचं व्यसन वाढलेलं दिसलं. मित्रांबरोबर ढाब्यावर बसणाऱ्या तरुणाला हे घरच्यांसमोर विचारून उत्तर मिळणार नाही. डॉक्टरांनी त्याच्याशी एकट्याने बोलावं.

मिनी बायपास हे त्याचंच भावंड, १९९७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट रटलेज यांनी सुरू केलेलं. आपल्याकडे ते खूप होतं. त्यात दोनाऐवजी एकच जोड असतो, त्यामुळे वेळ कमी लागतो आणि वजनही चांगलं उतरतं. पण त्यात आतड्याचा वगळलेला भाग बहुधा जास्त लांब असतो. फ्रान्सच्या अभ्यासात दोन वर्षांत दोन्ही बायपासनी वजन सारखंच उतरवलं. मिनीमध्ये झालेल्या गंभीर तक्रारींपैकी २१ टक्के मात्र पोषणाच्या होत्या, तर नेहमीच्या बायपासमध्ये तशी एकही झाली नाही.

जठराला बांधायचा पट्टा एकेकाळी लोकप्रिय होता. आता तो जवळपास मागे पडला आहे, कारण पुष्कळ जणांना तो काढावाच लागला. तोंडावाटे आत सोडून फुगवलेला फुगा बहुधा सहा महिन्यांत काढतात आणि वजन परतायला लागतं. तरुणाने या दोहोंवर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

५. मग निवडायचं कसं?

तरुणांपुरता एक अभ्यास फार मोलाचा आहे. अमेरिकेतल्या टीन-लॅब्स प्रकल्पात किशोरवयात ऑपरेशन झालेल्या २६० मुलामुलींचा दहा वर्षं पाठपुरावा केला गेला. २०२४ मध्ये आकडे आले. बायपासवाल्यांचा बीएमआय सरासरी २०.६ टक्क्यांनी आणि स्लीव्हवाल्यांचा १९.२ टक्क्यांनी कमी राहिलेला होता. म्हणजे कोवळ्या वयात किलोंच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखीच. ‘जास्त उतरेल म्हणून बायपास’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

याच प्रकल्पातली आणखी एक गोष्ट पालकांनी ऐकावी. पाच वर्षांनी किशोरवयीन आणि प्रौढ रुग्णांची तुलना केली तेव्हा टाइप-२ मधुमेह मुलांत ८६ टक्के प्रसंगी गेलेला होता आणि प्रौढांत ५३ टक्के. लवकर केलेलं ऑपरेशन साखरेवर जास्त चालतं. पण लोहाचा साठा घटलेली मुलं ४८ टक्के होती आणि प्रौढ २९ टक्के.

दोन उदाहरणं घेऊ. समजा, वाळूजच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करणारा २३ वर्षांचा मुलगा आहे. वजन १३० किलो, साखर ठीक, घशाशी आंबट येत नाही, तंबाखू सोडायचा प्रयत्न चालू आहे, आणि वर्षावर्षाला तपासणीला येईल याची खात्री नाही. अशा मुलाला मी निःशंकपणे स्लीव्ह सुचवेन, तंबाखू सुटल्यावर. आतडं शाबूत राहतं, गोळ्या चुकल्या तरी नुकसान तुलनेने कमी होतं, आणि पुढे गरज पडली तर स्लीव्हचं बायपास करता येतं. बायपासवरून मागे फिरणं शक्य असलं तरी फार अवघड असतं. पन्नास वर्षांच्या प्रवासात एक वाट मोकळी राखणं मला महत्त्वाचं वाटतं.

आता समजा, २६ वर्षांची मुलगी आहे. मधुमेहाला चार वर्षं झाली, इन्सुलिन सुरू झालं, रात्री उशी उंच घेतल्याशिवाय झोपता येत नाही. तिची दुर्बिणीने तपासणी केली तर जठराचा वरचा भाग पडद्यातून छातीत सरकलेला दिसतो. तिला स्लीव्ह दिलं तर आम्लाचा त्रास जन्मभर पुरेल. तिच्यासाठी बायपास, आणि सोबत गोळ्यांची व तपासण्यांची पक्की शिस्त.

म्हणून स्लीव्ह ठरवण्याआधी अशी दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, झालीच पाहिजे. ‘ॲसिडिटी सगळ्यांनाच असते’ म्हणून ती टाळणाऱ्या ठिकाणी ऑपरेशन करू नये.

६. शाकाहारी घर आणि बी-१२

डॉ. याज्ञिक यांच्याच चमूने पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली छापलेल्या निष्कर्षानुसार ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. कुणाचंही ऑपरेशन झालेलं नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. म्हणजे आपली मुलगी ऑपरेशनच्या टेबलावर जाते तीच मुळात रिकाम्या साठ्यानिशी. युरोपातल्या मांसाहारी रुग्णांवरचे आकडे तिला जसेच्या तसे लावता येत नाहीत. आधी बी-१२, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व तपासून भरून काढावं, मग ऑपरेशन. शाकाहारी मुलीला मिनी बायपास सुचवला गेला तर किती सेंटिमीटर आतडं वगळणार, हे विचारावं.

प्रथिनांचा हिशेबही घरातच करता येतो. दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात. दोन पेले दुधातून १३, १०० ग्रॅम पनीरमधून १८, वाटीभर दह्यातून ५, दोन वाट्या घट्ट वरणातून १२ आणि २५ ग्रॅम सोयाबीन वड्यांतून १३, असे ६१ होतात. लहानशा पोटात हे सगळं दिवसभरात पाच-सहा वेळा विभागून घालायचं असतं. सुरुवातीला तेवढं जात नाही, म्हणून डॉक्टर पावडर देतात. ज्वारीची भाकरी शेवटी, जागा उरली तर. मांसाहारी घरात नान-खलिया असेल तर मटणाचे तुकडे आधी, तर्री सोडून, आणि नानचा घास नंतर.

७. लग्न ठरतंय म्हणून

‘लग्नाआधी करून घेऊ’ हे वाक्य मुलींच्या बाबतीत फार ऐकू येतं. दिवाळीत ऑपरेशन आणि मे महिन्यात लग्न असा बेत आखला जातो. यात धोका आहे. वजन उतरू लागलं की पीसीओडी असलेल्या मुलींची पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता अचानक वाढते. पण पहिले १२ ते १८ महिने शरीर झपाट्याने वजन सोडत असतं, पोषण अपुरं असतं आणि त्या काळात गर्भारपण टाळायचं असतं. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातील याचा भरवसा नसतो, म्हणून तांबीसारखा दुसरा उपाय लागतो. हे नवऱ्या मुलाला लग्नाआधी कळायला हवं. ऑपरेशन लपवून लग्न झालं तर सासरी ती ना गोळ्या उघडपणे घेऊ शकते, ना थोडं थोडं जेवू शकते.

योग्य वेळी राहिलेल्या गर्भाला मात्र भिऊ नये. ऑपरेशननंतरच्या गर्भारपणात मधुमेह कमी होतो असं स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात दिसलं. बाळाचं वजन थोडं कमी भरण्याची शक्यता असते, त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

आणि सही तिची असते. १८ पूर्ण झालेल्या मुलीला स्लीव्ह आणि बायपास यांतला फरक स्वतःच्या शब्दांत सांगता येत नसेल, तर ऑपरेशन थांबलेलं बरं.

८. आता इंजेक्शनं आली आहेत

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड (मौन्जारो) आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) भारतात मिळू लागलं. टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन उतरलं, म्हणजे ऑपरेशनच्या बरंच जवळ. बीएमआय ३२-३३ असलेल्या तरुणाने आधी हा मार्ग डॉक्टरांबरोबर तपासून पाहावा. पण इंजेक्शन थांबलं की बरंचसं वजन परत येतं, आणि ४५ बीएमआय असलेल्याला तेवढ्याने पुरत नाही.

९. ऑपरेशन पुण्यात, पोटदुखी सिल्लोडमध्ये

जाणत्या हातांत या ऑपरेशनने मृत्यू येण्याचं प्रमाण हजारात एखादं असतं. खरी गफलत नंतर होते. आपल्या भागातली पुष्कळ मंडळी पुण्या-मुंबईला जाऊन ऑपरेशन करून येतात. पुणे सुमारे २३५ किलोमीटर, मुंबई त्याहून शंभरेक किलोमीटर पुढे. त्रास मात्र कन्नडला, वैजापूरला किंवा सिल्लोडला होतो, रात्री दोन वाजता, आणि समोरच्या डॉक्टरला आत काय केलंय ते माहीत नसतं.

बायपासमध्ये आतडं हलवल्यामुळे पोटात फटी राहतात. वजन उतरल्यावर त्या रुंदावतात आणि कधी कधी दोन-चार वर्षांनीही त्यात आतडं अडकतं. कळा येऊन पोट दुखतं, सोनोग्राफी साधारण दिसते, आणि गॅस म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जातं. अशा वेळी सीटी स्कॅन आणि गरज पडली तर लगेच दुर्बिणीने आत पाहणं लागतं, नाहीतर काही तासांत आतडं काळं पडतं. दुसरी गोष्ट उलट्यांची. पहिल्या काही महिन्यांत उलट्या थांबत नसतील तर बी-१ जीवनसत्त्व संपतं, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसतं, चालताना तोल जातो. अशा रुग्णाला बी-१ न देता ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

म्हणून रुग्णालयातून घरी येतानाच सर्जनकडून एक कार्ड करून घ्यावं आणि ते पाकिटात आधार कार्डाशेजारी ठेवावं. त्यावर ऑपरेशनचं नाव आणि तारीख, जोड कुठे आहेत याची साधी आकृती, किती आतडं वगळलं तो आकडा, सर्जनचा फोन नंबर, आणि ठळक अक्षरांत तीन ओळी असाव्यात: डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, पोटात कळा आल्यास सीटी स्कॅन करावा आणि सर्जनला कळवावं, उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी बी-१ चं इंजेक्शन द्यावं.